समजदारीचा उन्हाळा

आर्णीत मार्च लागला की दोन गोष्टी हटकून सुरू होतात: बारावीचे पेपर आणि माझी चिडचिड. सकाळी सकाळी गल्लीतल्या पोरी हातावरची दहीसाखर चाटत निघतात. पाण्याची बाटली, पारदर्शक पाऊच, त्यात दोन निळे पेन, आणि बाहेर गाडीला किक मारत उभा असलेला बाप. मी मेन रोडवर कापडाच्या एका दुकानाच्या वर इंग्रजीची ट्यूशन घेते, त्यामुळे दोन-तीन पोरी माझ्याही पाया पडून जातात. ‘मॅडम, पेपर सोपा जाऊ दे म्हणा.’ मी म्हणते. तोंडभरून म्हणते. त्या वळल्या की मात्र मी दिवसभर पोळी करपली म्हणून, नळ उशिरा आला म्हणून, कूलरचा पंप घुरघुरतो म्हणून भांडत राहते. आई शेजारणीला सांगते, ‘इले दरसाल मार्चातच ऊन लागते.’ उन्हाचा काही संबंध नाही. मला एक उन्हाळा आठवतो, एवढंच.

तो कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचा उन्हाळा. आमच्या जिल्ह्यात ती लाट बाकीच्यांच्या आधीच येऊन बसली होती. बाजार दुपारीच बंद व्हायचा, चौकात बांबू आडवे बांधलेले, आणि रस्त्यानं ॲम्ब्युलन्स गेली की लोक दारात येऊन ती कुठे वळते ते पाहायचे. मी तेव्हा बारावीला होते. त्या उन्हाळ्यात माझं बोलणं बंद झालं. कुणाशी भांडण झालं नव्हतं, घसा बसला नव्हता, व्रतबित काही नव्हतं. शब्द तोंडापर्यंत यायचे आणि तिथूनच परत जायचे. जसजशी मी गप्प होत गेले, तसतसं माझं कौतुक वाढत गेलं. त्या कौतुकाचा मला अजून राग येतो.

त्याआधी मी काय होते ते सांगायला पाहिजे, नाहीतर राग कळणार नाही. मला घरात रेडिओ म्हणायचे. बाबांचं दिग्रस रोडला टू-व्हीलरचं गॅरेज आहे. शाळेतून येताना मी तिथे थांबायची आणि गाडी दुरुस्त होईपर्यंत ताटकळलेल्या गिऱ्हाइकाचं डोकं खायची. बाबा प्लग साफ करता करता हसायचे, ‘पोट्टी वकील होते पाह्य एक दिवस.’ चौदा एप्रिलला बुद्धविहारात दरवर्षी माझं भाषण ठरलेलं. पांढरा ड्रेस, हातात कागद नाही, माईक हनुवटीपर्यंत खाली ओढलेला. माझं झाल्याशिवाय खिरीचं पातेलं उघडायचं नाही, असा पोरांनी नियमच केला होता. आत्या नेरला राहायची. ती आली की मात्र कपाळाला हात लावायची. ‘वहिनी, इचं तोंड आवर वं जराकसं. उद्या लोकायच्या घरी जायचं हाये इले.’

मग शाळा मोबाईलमध्ये गेली. आमच्या घरी मोबाईल एकच, तोही बाबांचा. गॅरेज बंद, त्यामुळे बाबा घरी, आणि बाबा घरी म्हणजे मोबाईल बाबांच्या छातीवर. तो कधी मिळालाच तर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसलं की केमिस्ट्रीचे सर अर्धे दिसायचे, अर्धे ऐकू यायचे. त्यांचं तोंड उघडं राहायचं आणि आवाज मागून यायचा. तरी मी अभ्यास केला. हे मला ठासून सांगायचं आहे. पुस्तकं पाठ होईस्तोवर केला, जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवल्या. परीक्षा पुढे गेली, मी पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. नवी तारीख येईल म्हणाले, मी पुन्हा केला. कुणी विचारणार नाही अशा उत्तरांनी माझं डोकं गच्च भरलं होतं.

नेमकं कधी सुरू झालं ते मला सांगता येत नाही. एक दिवस वेणी घालायचा कंटाळा आला. मग आंघोळीचा. आंब्याचा रस वाटीत आला तेव्हा तो फक्त पिवळा होता, त्याला चव नव्हती. मी आधी घाबरून वास घेतला, कारण चव जाणं म्हणजे काय ते तेव्हा साऱ्या जगाला माहीत होतं. टेस्ट केली, निगेटिव्ह आली. घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि विषय संपला. नाकात काडी घालून जे सापडत नाही ते नसतंच, असा तो काळ होता. दुपारभर मी पत्र्याकडे पाहत पडून राहायची. तापलेला पत्रा मधूनच कडकन वाजायचा, तेवढाच काय तो प्रसंग.

पण पडून राहू कोण देतो? उन्हाळा म्हणजे वाळवणं. कुरडया, पापड, शेवया, आणि आमच्या वऱ्हाडातले सरगुंडे. कणकेची बारीक तार काडीला गुंडाळत जायचं आणि अलगद काढून सुपात ठेवायचं. सगळं काम बोटांचं, डोकं लागत नाही. आधी मी या कामाला दहा मिनिटं टिकायची नाही. त्या वर्षी सकाळी बसले की ऊन डोक्यावर येईस्तोवर गुंडाळत राहायची. कुणी म्हणालं पाणी आण, आणलं. कुणी म्हणालं भांडी घास, घासली. नाही म्हणायला कारण द्यावं लागतं, हो म्हणायला काही लागत नाही. माझ्याकडे तेव्हा तेवढंच उरलं होतं. सुपं भरत गेली आणि गल्लीतल्या बाया पाहायला येऊ लागल्या. तोंडावर पदर, अंतर राखून, पण आल्या. ‘काय वं, तुमची रेडिओ बंद पडली का?’ ‘बंद कायची, सुधरली म्हना.’ लॉकडाऊनमुळं नेरहून येऊन आमच्याकडेच अडकलेली आत्या अभिमानानं म्हणाली, ‘समजदार झाली पोरगी.’

समजदार! हा शब्द मी त्या दिवसापासून मनात धरून आहे. मुलगा समजदार म्हणजे ज्याला व्यवहार कळतो, जो चार माणसांत बोलतो. पोरगी समजदार म्हणजे जी बोलत नाही. खाते किती कळत नाही, झोपते कधी कळत नाही, घरात आहे की नाही कळत नाही, ती सगळ्यात समजदार. या हिशोबानं भिंत लय समजदार.

आमच्याकडे अंगाच्या दुखण्याला शब्दांची ददात नाही. कणकण, कसर, उसण, चमक, ठणका. पोटातल्या पोटात दहा प्रकार. मनाच्या दुखण्याला मात्र एकच शब्द, टेन्शन, आणि तोही पुरुषांच्या मालकीचा. बाबांना टेन्शन असायचं. आत्याच्या मालकांना टेन्शन असायचं. आईला पित्त असायचं. मला काय असणार, माझे नखरे असायचे, आणि नखरे बंद झाले म्हणून तर सगळे खूश होते.

मला कुणी सांगतं, ‘अगं, त्या वेळी लोक श्वासासाठी तडफडत होते, तुझ्या गप्प बसण्याकडे कोण पाहणार?’ पटतं मला. मी काही दगड नाही. मागच्या गल्लीतले पेंटरकाका दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत, त्यांच्या घरच्यांना चेहरा पाहू दिला नाही, त्या दिवशी आमच्याही घरी चूल पेटली नाही. माझं दुखणं कुणाच्या लक्षात आलं नसतं तर मी एक शब्द बोलले नसते. पण लक्षात आलं होतं ना! सगळ्यांच्या आलं होतं. आल्यागेल्याला दाखवून झालं होतं. पाहिलं सगळ्यांनी, आणि पाहून शाबासकी दिली.

त्या वर्षी जयंती घरातच झाली. विहाराला कुलूप होतं. आईनं टेबलावर पांढरं कापड अंथरलं, फोटोला हार घातला, मेणबत्त्या लावल्या. वंदना झाली. मग बाबा म्हणाले, ‘चाल बेटा, दे भाषन. आपल्या आपल्यात.’ मी उभी राहिले. समोर तिघंच, बाबा, आई, आत्या. मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. शब्द विसरले असते तर आठवले तरी असते. शब्द होते, पण ते कुणाला तरी सांगावेत असं वाटतच नव्हतं. मेणबत्ती वितळत होती, मी तिच्याकडे पाहत होते. बाबांचा चेहरा पडला, ते मला दिसलं. पण आत्या लगेच म्हणाली, ‘राहू द्या दादा. मोठी झाली आता, लाजते.’ मग खीर वाढली. आई एकटी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहत होती.

मागच्या महिन्यात इथल्या एका कार्यक्रमात मी गेले होते. तरुणांचं मानसिक आरोग्य असा विषय. पाहुणे बाहेरून आले होते, कोट घालून. म्हणाले, महामारीच्या काळात ज्यांनी छंद जोपासले, सकारात्मक विचार केला, ते तरले. आजची पिढी नाजूक आहे. टाळ्या पडल्या. मला उठून विचारायचं होतं की साहेब, टाकीला पाठ लावून नेटवर्कची वाट पाहणं हा छंद धरायचा की नाही? आणि नाजूक कोण? जी पिढी गपगुमान सरगुंडे गुंडाळत राहिली ती, की जिला पोरीच्या तोंडून एक ‘नाही’ ऐकवत नव्हतं ती? मी उठले नाही. चहा न घेता निघून आले. रस्ताभर मोठ्यानं बोलत होते, लोक वळून पाहत होते.

समजदार पोरीचा लौकिक नेरपर्यंत पोचायला वेळ लागला नाही, कारण फोनवरून पोचवणारी आत्याच होती. मे महिन्यात तिनं स्थळ आणलं. मुलगा पुण्याला कंपनीत, काम घरून चाललेलं. ‘पंचवीस मान्साईत उरकून जाते दादा,’ ती बाबांना म्हणाली. ‘ना मांडव, ना पंगती. असा मोका पुन्हा नाही येत.’ लोक मरत होते, त्यात हिला मोका दिसला! पण तेव्हा मला राग आला नाही. मला काहीच आलं नाही. बाबांनी विचारलं, ‘बेटा, तुले शिकायचं होतं ना पुढं?’ मी मान हलवली. ती हो होती की नाही ते माझं मलाच माहीत नव्हतं. त्यांनी ती लग्नाला हो धरली.

ते पाहायला आले तेव्हा मी पोह्याच्या प्लेटा दिल्या आणि खाली मान घालून बसले. मुलाच्या आईनं नाव विचारलं, ते आत्यानं सांगितलं. शिक्षण विचारलं, ते आत्यानं सांगितलं. स्वयंपाक येतो का, तेही आत्यानंच. ती बाई इतकी खूश झाली! जाताना आईला म्हणाली, ‘तुमच्या पोरीचा सभाव पसंत पडला मले. आजकाल अशा राह्यल्या कुठं?’ माझा स्वभाव! जो त्या खोलीत नव्हताच, तो तिला पसंत पडला होता.

साक्षगंध ठरलं. म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. तोपर्यंत जून लागला होता, शेतं नांगरून तयार होती, आणि परीक्षा रद्द झाल्याची बातमी आली होती. बातमी बाबांनी मोबाईलवर वाचून दाखवली. सारे पास. गल्लीत पोरांनी फटाके फोडले. मी आत जाऊन जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा पलंगाखाली सरकवला. रडू येईल असं वाटलं होतं. तेही नाही आलं.

साक्षगंधाला घरात मोजकी माणसं. मी आत्यानं नेसवलेली साडी नेसून बसलेली. मुलाच्या आईला तिच्या बहिणीनं सहज विचारलं, ‘पोरगी बारावी पास हाये ना?’ ती हसून म्हणाली, ‘हाये तं. पण कोरोना बॅच. फुकटात पास झालेली. जाऊ दे, आपल्याले कुठं मार्क चाटाचे हायेत!’ सगळे हसले. आत्या हसली. बाबासुद्धा थोडं हसले, पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून.

‘फुकटात नाही.’

कोण बोललं ते आधी कुणाला कळलं नाही. मलाही नाही. इतक्या दिवसांनी आवाज निघाला तो घोगरा, पुरुषासारखा. ‘फुकटात नाही झाली मी पास. मी अभ्यास केला होता. तुमी कोन मनता फुकट?’ आत्यानं माझा दंड धरला. मी तो झटकला. ‘घ्या माही परीक्षा. आता घ्या. कोनतंही पुस्तक आना.’ मग मी थांबेचना. अभिक्रियेचा वेग, विषमांगी उत्प्रेरण, इंग्रजीच्या पुस्तकातली आख्खी कविता, सगळं ओरडून सांगितलं, त्या बाईच्या तोंडावर. ओरडता ओरडता रडले, आणि रडता रडता प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा पलंगाखालून ओढून आणून तिच्यासमोर आपटला. पेढ्यांचं ताट उलटलं. पाहुणे मास्क नाकावर ओढत उठले, जणू मला झालं होतं ते त्यांनाही लागणार होतं.

तो राग! किती महिन्यांनी मला काहीतरी वाटलं होतं. सगळ्यात आधी राग परत आला, हे मी कधी विसरत नाही. भूक नंतर आली, झोप त्यानंतर, हसू तर फार उशिरा. म्हणून कुणी मला ‘राग सोड’ म्हणतं तेव्हा मला हसू येतं. तो सोडून मी जाऊ कुठं?

स्थळ गेलं. त्याचं मला वाईट वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. पण मी बोलायची थांबत नव्हते. जेवताना बोलायची, भांडी घासताना बोलायची, मध्येच रडायची. बाबांना म्हणायची, तुमी हसले कायले? ते उठून गॅरेजला जायचे. आत्यानं डोळ्याला पदर लावून निदान केलं, ‘चांगली पोरगी होती वं. काय झालं इले? दवाखान्यात दाखवा दादा, इचं डोकं फिरलं.’ म्हणजे बघा, गप्प होते तोवर मी ठणठणीत. बोलायला लागले म्हणून मला दवाखान्यात न्यायचं ठरलं.

एसटी नुकत्याच सुरू झाल्या होत्या. आई मला घेऊन यवतमाळला निघाली. एका सीटवर एक, त्यामुळे ती पुढे आणि मी मागे. आख्खा रस्ता मी तिच्या अंबाड्याकडे पाहत होते आणि मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. बाबा भोळे, आत्या आहेच तशी, पण तू? तू तर पाहत होतीस. जयंतीच्या दिवशी पाहिलंस. रसाची वाटी तशीच परत गेली तेव्हा पाहिलंस. तू काहून बोलली नाहीस? परतीच्या वाटेवर हे सगळं तिला ऐकवायचं असं मी ठरवून टाकलं. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली, भाषणासारखी.

डॉक्टरबाई तरुण होत्या. मास्कच्या वर त्यांचे डोळे तेवढे दिसत होते, तेही जागून लाल झालेले. त्यांनी आईला विचारलं, ‘त्रास कधीपासून आहे?’

‘आठ-दहा दिवसापासून,’ आई म्हणाली. ‘बोलते, रडते, आंगावर येते.’

‘आणि त्याच्या आधी?’

‘आधी काही नाही. चांगली होती. एकदम शांत. एक शबुद बोले नाही.’

डॉक्टरबाईंनी हातातला पेन खाली ठेवला. ‘किती दिवस शांत होती?’

आईनं बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली.

मग त्यांनी मला विचारलं. झोपेचं, भुकेचं, चवीचं विचारलं. जगावंसं वाटत नाही असं कधी वाटलं का, हे त्यांनी इतक्या सरळ विचारलं, जसं एखाद्याला ताप येतो का विचारावं. मी हो म्हणाले. आई माझ्याकडे वळली. तिच्या हातातली पिशवी खाली पडली, तिनं ती उचलली नाही. डॉक्टरबाई तिला समजावू लागल्या. ‘ताई, ही आता बोलतेय ते चांगलंय. आजार त्याच्या आधी होता. कशात मन न लागणं, चव न लागणं, नुसतं पडून राहावंसं वाटणं, कुणी काहीही सांगितलं तरी मुकाट्यानं करत राहणं. याला डिप्रेशन म्हणतात. हा आजार आहे, याला औषध आहे. बरी होईल ती.’

मी बरी झालेही. वेळ लागला, गोळ्या लागल्या, दर महिन्याची यवतमाळची चक्कर लागली. गल्लीनं मला वेडी ठरवून पाहिलं, मग कंटाळून ट्यूशनला पोरी पाठवायला सुरुवात केली. पण त्या दिवशी यातलं काही माहीत नव्हतं. त्या दिवशी मी आईकडे पाहत होते आणि एकाच गोष्टीची वाट पाहत होते. तिनं म्हणावं, माझं चुकलं. तेवढं ऐकायचं होतं मला. नाही म्हणाली तर बसमध्ये माझी वाक्यं तयार होती.

आईनं मास्क नीट केला. बराच वेळ नीट करत राहिली.

‘डॉक्टरीनबाई, एक इचारू?’

‘विचारा ना.’

‘हे बिमारी... इलाज नाही केला तं किती साल राह्यते?’

‘घाबरू नका, आपण वेळेत आणलंय तिला. मुलीला काही होणार नाही.’

‘पोरीचं नाही इचारून राह्यली,’ आई म्हणाली. ती माझ्याकडे पाहत नव्हती, टेबलाच्या कडेकडे पाहत होती. ‘माह्या लग्नापासून सारे मले समजदारच मनतात.’

माझी जुळवलेली वाक्यं जागच्या जागी राहिली. राग गेला नाही. त्या खोलीत तो उलट वाढला, आणि आता तो फक्त माझ्या एका उन्हाळ्याचा राहिला नव्हता. डॉक्टरबाईंनी मला हातानं बाजूला सरकायला सांगितलं, आणि आईला म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही इकडे, या खुर्चीवर बसा.’